भोकं पडलेला दगड आणि त्याच्या नकला

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा जड आहे. म्हणजे शब्दशः जड, दगडच आहे तो. ट्रॅव्हर्टाईन.

हल्ली कुठल्याही फरशीच्या दुकानात जा, हा शब्द कानावर पडतोच. बदामी रंग, त्यात आडव्या रेघा, मधेच बारीक खड्डे. इंटिरियरवाल्यांच्या फोटोंत टीव्हीमागची भिंत याची, सेंटर टेबल याचं, बेसिनही याचंच. आणि दुकानात प्रत्यक्षात जे विकलं जातं त्यातलं बरंचसं ट्रॅव्हर्टाईन नसतंच, ती ट्रॅव्हर्टाईनसारखी दिसणारी टाईल असते. आपल्याला वाटतं ही चिनी मालाच्या जमान्यातली फसवाफसवी. पण या दगडाची नक्कल करण्याचा इतिहास चांगला शंभर वर्षांहून जुना आहे आणि माझ्या मते अस्सल दगडाच्या इतिहासाइतकाच वाचनीय आहे. म्हणून हा लेख.

आधी दगड काय आहे ते बघू. जमिनीखालचं पाणी चुनखडीतून वाहतं, त्यात कार्बन डायऑक्साईड विरघळलेला असल्यामुळे ते थोडं आम्लधर्मी असतं, आणि चुनखडी विरघळवत येतं. हे पाणी झऱ्यातून वर आलं की सोड्याची बाटली उघडल्यासारखा वायू निघून जातो. वायू गेला की विरघळलेला चुना पाण्यात राहू शकत नाही, तो खाली बसतो. थरावर थर. त्या थरांत गवत, पानं, शेवाळ, वायूचे बुडबुडे असं सगळं अडकतं. वनस्पती नंतर कुजून जातात आणि त्यांची जागा रिकामी राहते. तीच ती भोकं. म्हणजे ज्याला आपण दगडाचा दोष समजतो तो खरंतर एखाद्या देठाचा साचा असतो.

तुर्कस्तानातलं पामुक्कले पाहिलं असेल तुम्ही फोटोत, पांढऱ्याशुभ्र पायऱ्यांची तळी. ते ट्रॅव्हर्टाईनच, अजून तयार होत असलेलं. पण नाव मिळालं ते रोममुळे. रोमच्या पूर्वेला साधारण तीस किलोमीटरवर तिवोली नावाचं गाव आहे, जुनं नाव तिबूर. तिथला दगड तो 'लापिस तिबुर्तिनुस', तिबूरचा दगड. तिबुर्तिनुसचं त्राव्हेर्तिनो झालं आणि इंग्रजीत ट्रॅव्हर्टाईन. आपल्याकडे शहाबादच्या दगडाची शहाबादी झाली तसंच.

रोमन लोकांना हा दगड आवडायचं कारण सौंदर्य हे नव्हतं. खाण जवळ, शेजारून आनिएने नदी वाहते, ती पुढे तिबर नदीला मिळते, म्हणजे तराफ्यावर घातलेला दगड थेट रोमच्या दारात. शिवाय खाणीतून काढायला सोपा आणि वजन पेलायला दमदार. व्हिट्रुव्हियस नावाचा रोमन वास्तुतज्ज्ञ इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. त्याने आपल्या ग्रंथात या दगडाबद्दल लिहून ठेवलंय की हा ओझं आणि ऊनपाऊस उत्तम सोसतो, पण आगीपुढे टिकत नाही, तापला की तडकून विखरतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा प्रॉडक्ट रिव्ह्यू, आणि तोही प्रामाणिक. कोलोसियमला सन २१७ मध्ये वीज पडून मोठी आग लागली, वरच्या भागाची धूळधाण झाली आणि दुरुस्तीत वर्षानुवर्षं गेली. व्हिट्रुव्हियसला जाऊन तेव्हा दोनशेहून जास्त वर्षं झाली होती.

कोलोसियमचा आकडा सांगतो. सुमारे १,००,००० घनमीटर ट्रॅव्हर्टाईन. हे दगड चुन्याने जोडलेले नव्हते, लोखंडी पकडींनी एकमेकांना अडकवलेले होते, आणि त्यात सुमारे ३०० टन लोखंड लागलं असा अंदाज आहे. आज कोलोसियमच्या भिंतीवर गोळ्या झाडल्यासारखी जी मोठी मोठी भोकं दिसतात ती दगडाची नैसर्गिक भोकं नाहीत. मध्ययुगात लोखंड महाग होतं, लोकांनी भिंत कोरून आतल्या पकडी काढून नेल्या. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेकडची बाहेरची भिंत कोसळली तेव्हा तर रोमला घरबसल्या दगडाची खाणच मिळाली. चर्च, वाडे, पायऱ्या, सगळीकडे कोलोसियम थोडा थोडा पोचला. आपल्याकडे पडक्या गढीचे चिरे गावातल्या घरांच्या जोत्यात सापडतात, तसलाच प्रकार.

मग बर्निनी. सेंट पीटर्सच्या पटांगणाभोवतीचे ते खांब, १६५६ ते १६६७ या काळात उभे राहिले, २८४ खांब, सगळे ट्रॅव्हर्टाईनचे. त्रेव्हीचं कारंजंही याचंच. पण इथवर हा दगड सार्वजनिक इमारतींचा होता. घराच्या आत, पायाखाली, सोफ्यामागे तो यायला बराच वेळ लागला. आणि गंमत म्हणजे रोमबाहेर त्याने जो मोठा दिग्विजय केला त्यात सुरुवातीपासूनच नक्कल त्याच्या हाताला धरून चालत होती.

१९१० साली न्यूयॉर्कला पेनसिल्व्हेनिया स्टेशन उघडलं. मॅकिम, मीड अँड व्हाईट या आर्किटेक्ट मंडळींनी मुख्य वेटिंग रूम बांधली ती रोममधल्या काराकाल्लाच्या स्नानगृहांच्या धर्तीवर. रोमसारखं करायचं तर रोमचाच दगड हवा, म्हणून तिवोलीहून जहाजाने ट्रॅव्हर्टाईन आणलं. पण एवढी उंच भिंत अख्खी दगडाची करणं म्हणजे खर्च आणि वजन दोन्ही अफाट. तेव्हा खाली, जिथे माणसाचा हात लागतो, खांदा घासतो, तिथे खरा दगड, आणि वर त्याच्याशी रंग जुळवलेलं कृत्रिम ट्रॅव्हर्टाईन. हाताच्या पोचेपर्यंत खरं, त्यावर दिसेल तेवढं. आमच्या धंद्यात डेमोसाठी जे स्क्रीन क्लिक होणार तेवढेच चालते करतात आणि बाकीचे नुसते काढून ठेवतात, त्याची आठवण झाली.

ही नक्कल करण्यात हात होता पॉल डेनिव्हेल नावाच्या कारागिराचा. आणि त्याला खरी संधी मिळाली १९१५ साली, सॅन फ्रान्सिस्कोत. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत ते शहर उद्ध्वस्त झालं होतं. पनामा कालवा १९१४ मध्ये सुरू झाला, त्याच्या निमित्ताने सॅन फ्रान्सिस्कोने जागतिक प्रदर्शन भरवलं, आम्ही पुन्हा उभे राहिलो आहोत हे जगाला दाखवायला. मोठमोठे महाल बांधायचे, पण दहा महिन्यांसाठी. आधीच्या प्रदर्शनांत असे महाल पांढऱ्या प्लास्टरचे असत, उन्हात डोळे दिपवणारे. इथे ठरलं की सगळ्या इमारतींना एकच पोत द्यायचा, ट्रॅव्हर्टाईनचा. डेनिव्हेलने नेव्हाडातलं जिप्सम आणि तागासारखा हेंपचा धागा वापरून मिश्रण बनवलं, त्याला जुन्या हस्तिदंताचा रंग दिला, आणि पृष्ठभागावर मुद्दाम खड्डे ठेवले. अख्खं शहर झाकेल एवढा खोटा दगड! त्या खड्ड्यांमुळे प्रकाश पसरायचा, चकाकी मरायची, आणि ताजी इमारतही शतकानुशतकं उभी असल्यासारखी दिसायची. म्हणजे दहा वर्षांपूर्वी राख झालेल्या शहराने स्वतःला उसनं म्हातारपण विकत घेतलं. मला ही सगळ्या गोष्टीतली सगळ्यात हृद्य जागा वाटते.

प्रदर्शन संपलं, महाल पाडले. एक मात्र लोकांनी पाडू दिला नाही, बर्नार्ड मेबेक या आर्किटेक्टचा पॅलेस ऑफ फाईन आर्ट्स. हा तर मुळातच रोमन भग्नावशेषासारखा दिसावा म्हणून काढलेला. आता जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, ते पाण्यात थोडंथोडं विरघळतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्या-पावसात तो महाल हळूहळू खरंच भग्नावशेष व्हायला लागला. नंतर कधी तिथे टेनिस खेळले, युद्धात लष्कराच्या गाड्या ठेवल्या. शेवटी १९६४ साली प्लास्टरची मूळ वास्तू पाडली आणि तीच्या तीच काँक्रीटमध्ये पुन्हा उभारली. आज पर्यटक जिथे लग्नाचे फोटो काढतात ती रोमन दगडाच्या प्लास्टरी नकलेची काँक्रीटमधली नक्कल आहे. आणि लोकांचं तिच्यावर प्रेम आहे, अगदी खरं प्रेम. तिकडे खरा ट्रॅव्हर्टाईन लावलेलं पेन स्टेशन १९६३ पासून पाडायला घेतलं आणि त्याचा राडारोडा न्यूजर्सीच्या दलदलीत नेऊन टाकला. अस्सलपणाचा विमा कुठे उतरवता येत नाही हेच खरं.

असो. घराकडे वळू.

घरात हा दगड मानाने आणला तो मीस व्हान डेर रोहने. हा जर्मनीतल्या आखेनचा, पाथरवटाचा मुलगा, त्यामुळे दगड कसा कापायचा हे त्याला कागदावर शिकावं लागलं नव्हतं. १९२९ च्या बार्सिलोना प्रदर्शनात त्याने जर्मनीचा मंडप केला, त्याचा चौथरा रोमन ट्रॅव्हर्टाईनचा. त्याच्या आधी या दगडाला कमानी, खांब, पुतळे असायचे. मीसने ते सगळं काढून टाकलं आणि नुसती सपाट लादी ठेवली. रेघा, भोकं, रंग, बस. दागिन्यांशिवाय श्रीमंती. आज इन्स्टाग्रामवर जे काही 'मिनिमल' म्हणून चालतं त्याची आजी हीच. (तो मंडपही १९३० मध्ये उचलला आणि १९८६ मध्ये पुन्हा बांधून पूर्ण केला. या दगडाच्या नशिबात पुनर्जन्म फार.)

१९३० साली ब्रनो शहरात त्याने तुगेनहाट कुटुंबासाठी घर पूर्ण केलं. प्रवेशाच्या दालनात आणि जिन्याला ट्रॅव्हर्टाईन. पण मुख्य बैठकीच्या खोलीत काय घातलं माहितीये? पांढरं लिनोलियम. जवसाच्या तेलापासून केलेलं गुंडाळी होणारं अंथरूण! जिथे कुटुंब दिवसभर वावरणार, मुलं खेळणार तिथे मऊ, अखंड, सांधे नसलेली जमीन. हे नक्कल करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. हॉलपासून बाथरूमपर्यंत एकच दगड पाहिजे असा आग्रह धरणाऱ्यांनी हा फोटो जरूर बघावा.

तो हट्ट मीसने पुढे स्वतःच धरला. १९५१ साली शिकागोजवळ प्लेनो इथे नदीकाठी डॉक्टर इडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी काचेचं घर झालं, आणि त्यात आतबाहेर एकच ट्रॅव्हर्टाईन. लादीचं माप ३३ बाय २४ इंच, आणि अख्खं घर या मापावर बसवलेलं. कुठेही अर्धी लादी नाही. बाहेरच्या ओट्याखाली खडी भरलेले उथळ तसराळ्यासारखे खोलगट पत्रे आहेत, पाणी सांध्यातून खाली उतरतं, त्यामुळे ओट्याला उतार द्यावा लागला नाही. आपल्या बाल्कनीत पाणी दाराकडे येतं म्हणून भांडणाऱ्यांना याचं मोल कळेल. इंजिनियर म्हणून माझा त्याला साष्टांग नमस्कार.

पण राहणाऱ्या बाईंचं काय? खर्च सुमारे ७४,००० डॉलरवर गेला, ठरलेल्या आकड्याच्या बराच पुढे. १९५१ मध्ये मीसने थकलेल्या पैशांसाठी दावा लावला, डॉक्टरीणबाईंनी उलट दावा लावला. १९५३ मध्ये 'हाऊस ब्यूटिफुल' मासिकातून त्यांनी जाहीर तक्रार केली की या घरात आपण सतत प्रदर्शनात ठेवल्यासारख्या असतो. कोर्टात मीसची बाजू वरचढ ठरली, शेवटी तडजोड झाली. १९५४ मध्ये नदीचं पाणी घरात शिरलं, १९९६ मध्ये शिरलं तेव्हा काच फुटून सामान वाहून गेलं, २००८ मध्ये पुन्हा शिरलं. बाईंनी १९७२ मध्ये घर विकलं होतं. २०२१ मध्ये घराचं अधिकृत नाव बदलून 'इडिथ फार्न्सवर्थ हाऊस' केलं, निदान बाईंचं पूर्ण नाव तरी पाटीवर आलं.

पुढचं पटकन सांगतो. साठच्या दशकात न्यूयॉर्कचं लिंकन सेंटर, १९६५ मध्ये लुई कानने कॅलिफोर्नियात साल्क इन्स्टिट्यूटचं अंगण याच दगडाचं केलं (आपल्याला कान अहमदाबादच्या आयआयएममुळे माहीत). १९९७ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी सेंटरला १६,००० टन तिवोलीचा दगड लागला. तिथे रिचर्ड मायरने दगड कापण्याऐवजी गिलोटिनसारख्या यंत्राने थरावर फोडून घेतला. त्यामुळे काही चिऱ्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या पानांचे ठसे जसेच्या तसे उघडे पडले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या उपनगरी घरांत 'टस्कन' स्वयंपाकघरांची लाट आली, कडा झिजवलेले ट्रॅव्हर्टाईनचे छोटे चौकोन सगळीकडे. लाट एवढी आली की नंतर लोकांना वीट आला, आणि २०२० नंतर पुन्हा तोच दगड मोठ्या लाद्यांच्या रूपात फॅशनमध्ये परतला.

आणि याच काळात नकलेनेही मोठी उडी मारली. आधी टाईलवर नक्षी छापायची ती जाळीच्या पडद्यातून, मग १९९४ पासून इटलीच्या सिस्टीम कंपनीच्या रोटोकलर यंत्राचे सिलिकॉनचे रोलर आले. दोन्हीत छापणारा भाग टाईलला टेकतो, म्हणजे पृष्ठभाग सपाट हवा आणि नक्षी ठरावीक अंतराने तीच. २००० साली स्पेनच्या केराजेट कंपनीने टाईलसाठी औद्योगिक इंकजेट यंत्र आणलं. ऑफिसातला प्रिंटर, फक्त शाई म्हणजे खनिज रंगद्रव्य, आणि छापल्यावर कागद सुमारे १२०० अंशाला भाजायचा. टेकत नसल्यामुळे खड्डे असलेल्या टाईलवरही छापता येतं. भट्टीतून टिकणाऱ्या रंगांत तपकिरी, बदामी, पिवळसर छटा सोप्या आणि भडक लाल अवघड, त्यामुळे या तंत्राला ट्रॅव्हर्टाईन म्हणजे मऊ लोणीच. आज स्पेनच्या कास्तेयोनपासून आपल्या मोरबीपर्यंत हेच चालतं.

तरी पकडता येतं बरं का. खरा दगड स्कॅन करतात, त्यातून ठरावीक संख्येने वेगवेगळे तुकडे कापतात, त्यांना दुकानदार 'फेस' म्हणतात. डिझाईनला चारच फेस असतील तर हॉलमध्ये तोच चंद्रकोरीसारखा डाग दर तीनचार पावलांवर भेटतो. व्हिडिओ गेममध्ये गवताचा तोच तुकडा पुन्हापुन्हा दिसतो तसं. माणसाचा डोळा या बाबतीत भलता चोखंदळ आहे, एकदा पॅटर्न सापडला की सोडत नाही. तेव्हा टाईल घेताना भावाआधी फेस किती ते विचारा आणि मिस्त्रीला खोके उघडून मिसळून लावायला सांगा.

आता आपल्या घरात कुठलं लावावं? माझ्या आतेभावाच्या नव्या फ्लॅटचं काम सुरू होतं तेव्हा हा वाद महिनाभर चालला. त्याला ओट्यालाही खरं ट्रॅव्हर्टाईन हवं होतं. नमुन्याचा तुकडा घरी आला, आत्याने बोट फिरवलं आणि म्हणाली, "अरे, हे आत्ताच भोकं पडलेलं का आणलंस? यात पीठ बसलं की काढणार कोण?" तिने अजून एक केलं, त्यावर आमसुलाचं पाणी सांडून तासभर ठेवलं. पुसल्यावर डाग नव्हता, पण तेवढ्या भागाची चमक गेली होती, हाताला खरखरीत लागत होतं.

हे डाग पडणं नव्हे, दगड खाल्ला जाणं आहे. ट्रॅव्हर्टाईन म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि लिंबू, चिंच, आमसूल, ताक, टोमॅटो सगळं आम्ल. वर सांगितलेली झऱ्याची रासायनिक क्रिया, फक्त उलटी. दुकानदार म्हणतात सीलर मारू. सीलरने तेल, हळद मुरायला वेळ लागतो हे खरं, पण आम्लाचा चट्टा त्याने थांबत नाही. भोकांत सिमेंट किंवा रेझिन भरून देतात, तेही वर्दळीच्या जागी काही वर्षांनी निघतं. इटलीत तरी टोमॅटो-लिंबू कमी का खातात? पण तिथे हा दगड बहुतेक पायरीला, अंगणाला, भिंतीला. आपला ओटा म्हणजे दिवसातून दोनदा युद्धभूमी. तिथे ग्रॅनाईटच बरा.

याहून मोठा धोका शेवटच्या दिवशी असतो. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला आपल्याकडे फरशी सर्रास अ‍ॅसिडने धुतात. चांगल्या भाजलेल्या टाईलला त्याने सहसा काही होत नाही, ती ०.५ टक्क्याहून जास्त पाणीसुद्धा पीत नाही. ट्रॅव्हर्टाईनवर मात्र तेच अ‍ॅसिड ओतलं की फेस येतो आणि पॉलिश पाच मिनिटांत खलास. संडास धुवायच्या बाटलीचंही तेच. हे ठेकेदाराला आधी तोंडी सांगून भागत नाही, भिंतीवर खडूने मोठ्ठं लिहून ठेवावं लागतं. आतेभावाने लिहिलं होतं.

त्याच्या घरी शेवटी जमिनीला टाईल लागली, बारा फेसवाली. ओटा काळ्या ग्रॅनाईटचा. हॉलच्या एका भिंतीला मात्र त्याने टाईल घेतली नाही, चुन्याच्या गिलाव्याचं ट्रॅव्हर्टाईन करून घेतलं. ओल्या थरावर ब्रश आपटून खड्डे काढतात, मग थापीने आडवं घोटतात. आता गंमत बघा. टाईल रासायनिकदृष्ट्या ट्रॅव्हर्टाईनची कोणीच लागत नाही, सॅन फ्रान्सिस्कोचं जिप्सम लांबचं नातेवाईक. पण चुन्याचा गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषत शोषत पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. आपल्या वाड्यांच्या भिंतींना घाण्यात मळलेला चुना लावत, तेही हेच. म्हणजे ती भिंत नक्कल असली तरी द्रव्य अस्सल दगडाचंच, आणि ती पूर्ण व्हायला अजून काही महिने लागतील. आत्याला हे समजावून सांगितलं. तिने भिंतीवरून बोट फिरवलं आणि विचारलं की यावर खिळा ठोकता येतो का. येतो.